नाव न सांगता विचारलेला प्रश्न

बदलीचा हुकूम खिशात घालून परप्रांतातील नव्या गावी उतरलेल्या मनुष्यास पहिल्या आठ-पंधरा दिवसांत जी माहिती हवी असते, ती कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडत नाही. नळास पाणी किती वाजता येते, ज्वारीचे पीठ कोणत्या पेठेत मिळते, मोलकरणीस सणाला काय द्यावयाची रीत आहे, शेजारी मयत झाली तर सांत्वनास त्याच दिवशी जावे की तिसऱ्या दिवशी, असले ते प्रश्न असतात. कचेरीतील सहकाऱ्यास ते विचारावयाचे म्हटले की जीभ अडखळते. हाताखालच्या मनुष्यास विचारले तर आपले अज्ञान उघडे पडते, आणि वरिष्ठांस विचारण्याइतके ते प्रश्न मोठे नसतात. मग आपण ते बसच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या, पुन्हा कधी भेटण्याचा संभव नसलेल्या गृहस्थास विचारतो. तो आपले नाव विचारीत नाही, आपणही त्याचे विचारीत नाही. उत्तर मिळते, आणि दोघे आपापल्या वाटेने निघून जातात.

ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिला काही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु तो आहे. अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांस लहानसहान प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे छापून सर्वांपुढे ठेवावीत, हा व्यवहार सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील एका ग्रंथविक्रेत्याने रीतसर सुरू केला. एकोणिसाव्या शतकात तेथल्याच एका कारकुनाने त्यास शिस्त लावली. पुढे तो आपल्या देशात आला आणि अंबाल्याच्या छावणीवरून मिर्झापूरच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला. या तीन मुक्कामांची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती सांगण्यात आमचा एक हेतूही आहे. विचारणाऱ्याचे नाव झाकलेले असणे आणि सांगणाऱ्याचे नाव झाकलेले असणे, या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात; पण त्यांची फळे फार निराळी आहेत, असे हा इतिहास वाचताना आम्हांस पदोपदी जाणवले.

लंडनच्या पोल्ट्री नावाच्या रस्त्यावर जॉन डंटन याचे पुस्तकांचे दुकान होते. १६५९ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेला हा गृहस्थ मोठा हिकमती. १६८६ साली तो अटलांटिकपलीकडे बोस्टनपर्यंत जाऊन पुस्तके विकून आला होता. त्याच्या डोक्यात नाना कल्पनांचे मोहोळ सदैव उठलेले असे, आणि त्यांतील बहुतेक फसत असत. एक मात्र फसली नाही. तिचा उगम त्याने आपल्या १७०५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितला आहे. कोणीतरी त्याचा फार मोठा अपराध केला होता. तो सल त्याच्या मनातून जाईना. एखाद्या धर्मोपदेशकाकडे जाऊन सल्ला विचारावा असे त्यास वारंवार वाटे. पण तसे करावयाचे तर आपले नाव आणि अपराध करणाऱ्याचे नाव लपवावयाचे कसे, हा पेच होता. अशा मनःस्थितीत मित्रांसमवेत सेंट जॉर्जेस फील्ड्सच्या मैदानातून चालत असता तो एकाएकी थबकला आणि आपणांस अशी एक कल्पना सुचली आहे की पन्नास गिनी मिळाल्या तरी ती देणार नाही, असे सोबत्यांस म्हणाला. कल्पना अशी की, कोणीही आपले नाव न देता प्रश्न लिहून पाठवावा आणि त्याचे उत्तर छापील पत्रात द्यावे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. या उद्योगाच्या मुळाशी ज्ञानप्रसाराची तळमळ होती असे डंटन म्हणत नाही. मूळ होते ते एका माणसाच्या मनातील अवघडलेपणात. ज्यास आपण ओळखतो आणि जो आपणांस ओळखतो, त्याच्यापुढे मन मोकळे करता येत नाही, ही अडचण त्यास स्वतःच्या अनुभवाने कळली होती. तीच अडचण शहरातील हजारो लोकांस असली पाहिजे, एवढे ताडण्याची व्यापारी बुद्धी त्याच्यापाशी होती.

१७ मार्च १६९१ रोजी पहिला अंक निघाला. त्याचे नाव 'अथेनियन गॅझेट' असे होते. दुसऱ्या अंकापासून ते 'अथेनियन मर्क्युरी' झाले. सेंट पॉल अथेन्सला गेला तेव्हा तेथील लोक काही नवे सांगण्यात नि ऐकण्यातच सारा वेळ घालवीत असत असे बायबलात वर्णन आहे, त्यावरून हे नाव घेतले होते. एकच कागद, दोन्ही बाजूंस छापलेला, किंमत एक पेनी. बहुधा आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शनिवारी, तो निघे. प्रश्न विचारण्यास काही पैसा पडत नसे. पोल्ट्रीजवळील स्टॉक्स मार्केटात स्मिथ याचे कॉफीगृह होते. त्या पत्त्यावर पेनी-टपालाने पत्र टाकावयाचे, एवढेच. आज त्या जागी लंडनच्या नगराध्यक्षांचे मॅन्शन हाउस उभे आहे.

येथे दोन संस्थांचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्या नसत्या तर डंटनची कल्पना हवेतच विरली असती. पहिली कॉफीगृहे. १६५२ साली लंडनमध्ये पहिले कॉफीगृह निघाले आणि चाळीस वर्षांच्या आत शहरभर त्यांचे जाळे पसरले. पेनीभर पैसे टाकून आत शिरलेला मनुष्य कोणत्याही अनोळखी माणसाशेजारी बसे आणि बोलू लागे. दुसरी संस्था टपालाची. विल्यम डॉकरा याने १६८० साली लंडनमध्ये पेनी-टपाल सुरू केले. एक पेनी देऊन शहरातल्या शहरात पत्र पोहोचू लागले, आणि तेही दिवसातून कित्येकदा. १६८२ साली सरकारने हा धंदा आपल्याकडे घेतला. पत्र कोणी टाकले हे टपालवाल्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. नाव न सांगता दुसऱ्याच्या दारापर्यंत पोहोचण्याचा मार्ग सामान्य माणसास अशा रीतीने एका पेनीत मिळाला.

प्रश्नांचा अक्षरशः पूर आला. कॉफीगृहात आपल्या नावे एका वेळी शेकडो पत्रे येऊन पडलेली असत, असे डंटन लिहितो. तेच तेच प्रश्न पुनःपुन्हा पाठवू नयेत, मागील अंक पाहावेत, अशी विनवणी संपादकांस करावी लागे. सुमारे सहा वर्षांत जवळजवळ सहा हजार प्रश्नांस उत्तरे दिली गेली, असा अंदाज आहे. चंद्रावर डाग कशाने पडले? पिसू डंख मारते की चावून रक्त शोषते? आपण स्वप्नात आहो की जागे, हे कसे ओळखावे? स्त्रियांनी विद्वान व्हावे काय? नवऱ्याने बायकोस मारणे न्याय्य आहे काय? असे प्रश्न एकाच पत्रात शेजारी शेजारी बसलेले आढळतात. प्रेमात पडलेला उमेदवार, आईबापांस न विचारता लग्नाचे वचन देऊन बसलेली मुलगी, शपथ मोडल्याने व्याकूळ झालेला मनुष्य, हे सारे स्मिथच्या पत्त्यावर लिहीत होते. पत्राच्या पूर्ण नावातच स्त्री-पुरुष दोघांच्याही प्रश्नांचा निर्देश होता, आणि पुढे महिन्याचा पहिला मंगळवार स्त्रियांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवण्यात आला. १६९३ साली 'लेडीज मर्क्युरी' म्हणून केवळ स्त्रियांकरिता एक स्वतंत्र पत्रही निघाले. ते चार अंकांतच आटोपले, तरी इंग्रजीतील स्त्रियांसाठी निघालेले पहिले नियतकालिक म्हणून त्याची गणना होते.

इतिहासाच्या अभ्यासकास या कागदांचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको. त्या काळच्या राजांच्या लढाया नि पार्लमेंटचे ठराव आपणांस अन्यत्र वाचावयास मिळतात. १६८७ साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' प्रसिद्ध झाला हेही सर्वांस ठाऊक आहे. पण त्यानंतर चारच वर्षांनी लंडनच्या एखाद्या दुकानात काम करणाऱ्या पोराच्या मनात कोणती शंका घोळत होती, त्यास कशाची लाज वाटे नि कशाचे भय वाटे, हे सांगणारा दुसरा कागद सहसा मिळत नाही. तो पोरगा स्वतःच्या नावाने ते कधीच लिहिता ना. नाव झाकले म्हणून मन उघडे झाले, आणि म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोहोचले.

आता उत्तर देणारे कोण होते ते पाहू. वाचकांची समजूत अशी होती की 'अथेनियन सोसायटी' नावाची एक विद्वन्मंडळी आहे, तिच्यात धर्मशास्त्र, वैद्यक, कायदा, गणित अशा निरनिराळ्या शास्त्रांतील पंडित आहेत आणि ते एकत्र बसून प्रत्येक प्रश्नाचा खल करतात. १६९२ साली चार्ल्स गिल्डन याने या मंडळीचा 'इतिहास'ही लिहून प्रसिद्ध केला. वास्तविक ही मंडळी म्हणजे मुख्यतः तीन माणसे होती. एक डंटन स्वतः. दुसरा रिचर्ड सॉल्ट, लंडनमधील गणिताचा शिक्षक. तिसरा सॅम्युअल वेस्ली, एका लहानशा खेड्यातला धर्मोपदेशक आणि डंटनचा साडू. मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली हा पुढे त्याच्याच पोटी जन्मला. जॉन नॉरिस नावाचे तत्त्वज्ञ अधूनमधून साहाय्य करीत. १६९१ च्या एप्रिलमध्ये डंटन, सॉल्ट व वेस्ली यांच्यात रीतसर करारही झाला होता. वाचकांस यातले काहीच माहीत नव्हते. सर विल्यम टेंपलसारखा मुरब्बी मुत्सद्दी या मंडळीस प्रश्न पाठवी, आणि त्याच्या पदरी असलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या जोनाथन स्विफ्टने तर तिच्यावर एक प्रशस्तिपर दीर्घ कविता रचून पाठविली. १६९२ साली छापली गेलेली ही कविता स्विफ्टचे पहिले प्रसिद्ध लेखन होय. इंग्रजी भाषेतील सर्वांत तिखट उपहासकाराची लेखणी प्रथम चालली ती अस्तित्वात नसलेल्या पंडितसभेच्या स्तुतीसाठी, हा योगायोग गमतीचा खरा.

डंटनला आम्ही लबाड म्हणत नाही. त्याचे सोबती अभ्यासू होते आणि उपलब्ध ग्रंथ धुंडाळून उत्तरे देत. परंतु उत्तर खरे की खोटे याचा निर्णय वाचकाने कशावरून करावा, हा प्रश्न उरतोच. मंडळीच्या नावाचा दबदबा एवढाच त्याला आधार होता, आणि तो आधारच बनावट होता. शिवाय उत्तरास प्रत्युत्तर देण्याची सोय नव्हती. प्रश्न खालून वर जात होता, उत्तर वरून खाली येत होते. १६९५ साली मुद्रणाच्या परवान्याचा कायदा संपुष्टात आला आणि नवी वृत्तपत्रे निघाली. कॉफीगृहांतील वाचकांस वाचावयास पुष्कळ साहित्य मिळू लागले. मध्यंतरी काही काळ बंद पडलेले 'मर्क्युरी' १६९७ च्या जूनमध्ये कायमचे थांबले. त्याच वर्षी डंटनची पत्नी एलिझाबेथ निवर्तली. त्यानंतर त्याच्या धंद्यास आणि मनासही उतरती कळा लागली ती शेवटपर्यंत. निवडक प्रश्नोत्तरांचे खंड मात्र त्याच्या हयातीतच पुन्हा छापले गेले. डॅनियल डीफोने १७०४ साली आपल्या 'रिव्ह्यू' पत्रात वाचकांच्या प्रश्नांस उत्तरे देण्याचा प्रघात पाडला तेव्हा आपली कल्पना चोरल्याचा आरोप डंटनने त्याच्यावर केला. ज्याने हजारोंची नावे झाकली त्यास आपल्या कल्पनेवरचे स्वतःचे नाव मात्र पुसू द्यावयाचे नव्हते. त्यात अस्वाभाविक काही नाही.

दुसऱ्या मुक्कामास पोहोचावयाचे तर दीडशे वर्षे ओलांडावी लागतात. विल्यम जॉन थॉम्स हा लंडनच्या चेल्सी येथील लष्करी पेन्शनरांच्या इस्पितळाच्या कचेरीत कारकून होता. १८४५ साली त्याची नेमणूक हाउस ऑफ लॉर्ड्सच्या कचेरीत झाली आणि पुढे १८६३ मध्ये तो तेथे उपग्रंथपाल झाला. जन्मभर नोकरी सांभाळून त्याने जुन्या कथा, चालीरीती नि समजुती गोळा केल्या. १८४६ साली टोपणनावाने लिहिलेल्या एका पत्रात त्याने 'फोकलोर' हा शब्द प्रथम योजला. तो आज जगभर रूढ आहे. आम्हां कचेरीतल्या लोकांस अभिमान वाटावा असा हा गृहस्थ.

३ नोव्हेंबर १८४९ रोजी, शनिवारी, थॉम्सने 'नोट्स अँड क्वेरीज' हे साप्ताहिक सुरू केले. नावावरून वाटते तसा त्याचा थाट साधा होता. कोणी एक टिपण पाठवावयाचे, कोणी एक प्रश्न पाठवावयाचा, आणि पुढच्या अंकांत ज्यास ठाऊक असेल त्याने उत्तर द्यावयाचे. अमुक म्हण कोठून आली, अमुक गावच्या थडग्यावरील लेखाचा अर्थ काय, मुलांच्या अमुक खेळात हे शब्द का म्हणतात, असे ते प्रश्न असत. येथे पंडितसभा नव्हती. संपादक सर्वज्ञ असल्याचा आव आणीत नव्हता. वाचकच वाचकास उत्तर देई. नावे सर्वांची पूर्ण असत असे नाही, कित्येक आद्याक्षरे किंवा टोपणनावे घालीत. पण उत्तराबरोबर त्याचा आधार द्यावा लागे: ग्रंथ कोणता, पृष्ठ कोणते, कोणत्या गावी हे ऐकले. आणि उत्तर चुकले तर पुढील शनिवारी दुसरा कोणी अनोळखी मनुष्य ते खोडून काढी. डंटनच्या व्यवहारात जे न्यून होते ते थॉम्सने नेमके येथे भरून काढले.

आधार मागण्याची ही सवय थॉम्सच्या अंगी किती मुरली होती त्याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. अमुक म्हातारा एकशेदहा वर्षे जगला, अमुक बाई एकशेतीस वर्षे जगली, अशा वार्ता त्या काळी सर्रास छापल्या जात आणि लोक त्या मानीत. थॉमस पार नावाचा शेतकरी १५२ वर्षे जगला अशा समजुतीने त्यास १६३५ साली वेस्टमिन्स्टर अॅबीत पुरले होते. थॉम्सने साधा प्रश्न केला: जन्माची नोंद कोठे आहे? चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या ताडून पाहता अशा कथांपैकी बहुतेक निराधार ठरल्या. आईबापांनी पहिले मूल दगावल्यावर दुसऱ्यास तेच नाव ठेवल्याने होणारा घोटाळा त्याने दाखवून दिला. १८७३ साली त्याने या विषयावर ग्रंथच प्रसिद्ध केला. प्रश्न लहान होता; पण त्याच्या उत्तराने वयोमानाविषयीच्या पुष्कळ भोळ्या समजुतींस धक्का बसला. त्याचे नियतकालिक आज पावणेदोनशे वर्षे होऊन गेली तरी ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयातर्फे निघत आहे.

तिसरा मुक्काम आपल्या देशातला. थॉम्सच्या पत्राचा नमुना हिंदुस्थानात येण्यास फार काळ लागला नाही. १८७२ साली जेम्स बर्जेस यांनी मुंबईत 'इंडियन अँटिक्वरी' हे मासिक काढले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांसारखे आपले विद्वान त्यात लिहीत. प्रश्न नि टिपणे यांस त्यातही जागा असे. परंतु केवळ लहान प्रश्नांस वाहिलेले पत्र निघाले ते उत्तरेत. रिचर्ड कार्नॅक टेंपल हा अंबाल्याच्या छावणीत दंडाधिकारी होता. १८७७ ते १८८० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर रिचर्ड टेंपल यांचा तो मुलगा. पुढे १८८५ पासून मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी जे. एफ. फ्लीट यांच्यासह तो 'इंडियन अँटिक्वरी'चाही संपादक झाला. १८८३ मध्ये त्याने 'पंजाब नोट्स अँड क्वेरीज' हे मासिक सुरू केले. देश नि लोक यांविषयीची बारीकसारीक विश्वसनीय माहिती गोळा करावी, हा त्याचा उद्देश. प्रत्येक टिपणास क्रमांक देऊन ते चार-सहा ओळींत छापीत. ते १८८७ पर्यंत चालले.

हाच धागा विल्यम क्रुक याने उचलला. मिर्झापूरचा कलेक्टर असताना १८९१ साली त्याने 'नॉर्थ इंडियन नोट्स अँड क्वेरीज' काढले आणि १८९६ मध्ये नोकरी सोडून मायदेशी जाईपर्यंत चालविले. लोकधर्म, मानववंश, भाषा, लोककथा असे त्याचे विभाग असत. प्रश्न कलेक्टरचे, उत्तरे खेड्यातल्या शाळामास्तरांनी लोकांस विचारून आणलेली. येथे व्यवहाराचे स्वरूप पालटले, हे वाचकांच्या ध्यानी येईल. लंडनमध्ये प्रश्न विचारणारा दुबळा होता आणि म्हणून त्याने नाव झाकले. मिर्झापुरात विचारणारा जिल्ह्याचा धनी होता. सांगणारा होता तो त्याच्या अमलाखालचा शेतकरी, कोळी वा विणकर. साहेबाच्या वतीने मास्तर अंगणात येऊन बसला आणि 'तुमच्यात लग्नात काय करतात?' असे विचारू लागला, तर 'कशाला हवे?' असे उलट विचारण्याची सोय त्या माणसास कितपत असेल, हे आपणच ठरवावे.

तथापि क्रुकने एक गोष्ट चांगली केली, ती मान्य केली पाहिजे. अनेक लोककथांखाली ती कोणी सांगितली आणि कोणी लिहून घेतली, ही दोन्ही नावे त्याने छापली. त्या टिपांत एक नाव वारंवार येते: पंडित रामगरीब चौबे. हे गृहस्थ क्रुकचे साहाय्यक. लोकांकडून कथा ऐकून त्या उतरवून घ्याव्यात, इंग्रजीत आणाव्यात, शब्दांचे अर्थ लावावेत, हे काम त्यांनी केले. मासिकाच्या टिपांत त्यांचे नाव राहिले, पण ग्रंथांच्या मुखपृष्ठावर क्रुकचेच. क्रुक मायदेशी गेला, मासिक बंद पडले, आणि उत्तर हिंदुस्थानच्या लोकसाहित्याचा संग्राहक म्हणून जगास एकट्या क्रुकचे नाव ठाऊक झाले. लंडनच्या फोकलोर सोसायटीच्या संग्रहात हस्तलिखिते मात्र शंभर वर्षे पडून होती. ही सोसायटी १८७८ साली स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांत आपला थॉम्सही होता. साधना नैथानी या विदुषींनी ते कागद अभ्यासिले आणि चौबे यांचा वाटा किती मोठा होता हे दाखवून दिले. २००२ साली या दोघांनी जमविलेल्या कथा ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या, त्यावर क्रुक आणि चौबे अशी दोन्ही नावे आहेत. २००६ साली नैथानी यांनी या दोघांच्या सहकार्यावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे निराळेच दृश्य उभे राहिले, ते लपवीत नाही. कचेरीत रोज असंख्य टिपणे लिहिली जातात. जुन्या फायली चाळून, आधार शोधून, एखाद्या कोपऱ्यातल्या टेबलावरचा मनुष्य उत्तराचा मसुदा तयार करतो. तो तीन पायऱ्या वर जातो आणि खाली भलतीच सही घेऊन बाहेर पडतो. राज्यकारभार असाच चालावयाचा, आणि जबाबदारी सही करणाराच घेतो हेही खरे. तक्रार म्हणून आम्ही हे लिहीत नाही. पण फाइलीच्या आत टिपणाखाली मसुदा करणाऱ्याची आद्याक्षरे राहतात, आणि पंचवीस वर्षांनी एखादा प्रश्न पुन्हा उद्भवला की त्या आद्याक्षरांच्याच आधारे खरे काय ते समजते. चौबे यांची नावे छापणाऱ्या त्या बारीक टिपा नसत्या, तर ते कागद पाहूनही कोणास काही उमगले नसते.

तेव्हा तीन मुक्कामांवरून दिसते ते असे. विचारणाऱ्याचे नाव झाकलेले असले तर कोणाचे काही बिघडत नाही. उलट जे प्रश्न एरवी ओठांवर येतच नाहीत ते येतात. डंटनचे सारे श्रेय यात आहे. सांगणाऱ्याचे नाव झाकले गेले तर मात्र दोन अनर्थांपैकी एक होतो. तो मोठा असल्याचे भासवीत असेल तर वाचक फसतो, जसा स्विफ्ट फसला; आणि तो लहान असेल तर त्याचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडते, जसे चौबे यांचे पडले. या दोहोंवर उतारा थॉम्सने सांगितला तोच: उत्तर देताना ते कोठून कळले हे सांगावे, आणि ते खोडून काढण्यास दुसऱ्यास वाव ठेवावा.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक या बाबतीत दुहेरी भूमिकेत असतो. नव्या गावी आपण विचारणारे असतो. तेथे आपणांस लाज वाटण्याचे कारण नाही; आपल्या आधी कित्येकांनी पिसवेविषयी नि चंद्रावरील डागांविषयी विचारून ठेवले आहे. पण त्याच गावातील शेजारी आपणांसही विचारीत असतात. तुमच्यात गुढी का उभारतात? हळदीकुंकू म्हणजे काय? पुरणपोळीत कोणती डाळ घालता? अशा वेळी आपण मोठ्या रुबाबात महाराष्ट्राच्या वतीने उत्तर देऊन टाकतो, आणि आपल्या आळीची चाल सर्व मराठी मुलखाच्या नावावर खपवितो. कोकणातल्या माणसाने सांगितलेले वऱ्हाडात खरे नसते, आणि बेळगावच्या घरातील रीत नाशिकास ठाऊक नसते. 'आमच्या आजीकडे, वाईस, असे करीत' एवढे जर आपण म्हटले, तर उत्तर खरेही होते, आणि ज्या आजीने ते आपणांस शिकविले तिचे ऋणही फिटते. शेजारी ते वहीत टिपून घेत असेल, तर आजीचे नाव त्यास अवश्य सांगावे.